मिथिलची उलटी प्रदक्षिणा

मला अजून राग येतो. नक्की कुणाचा, ते विचारू नका.

तालुक्याच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्राला माणूस हवा होता. ती नोकरी लागली असती, तर चाकणच्या कंपनीत रोज नेणारी बस कायमची सुटली असती. निवडीसाठी वर्गावर एक तास घेऊन दाखवायचा. विभागप्रमुख बाई मागच्या बाकावर.

फळ्यावर सहा कार्बनची रिंग काढली. माथ्यावर डबल बाँड, त्याच्या डाव्या टोकाशेजारच्या कार्बनला मिथिलची फांदी. नियमही मीच ठणकावून सांगितला: डबल बाँडच्या दोन टोकांना एक आणि दोन, मग फांदीला लहानात लहान नंबर येईल त्या बाजूनं मोजायचं. आणि लगेच घड्याळाच्या दिशेनं सुटलो. सगळी रिंग फिरून फांदीपाशी पोचलो, तर सहावा नंबर. "सिक्स मिथिल सायक्लोहेक्झीन!" म्हणून हात झटकले.

बाई म्हणाल्या, "सर, दुसऱ्या बाजूनं मोजून बघता?"

गप मोजावं की नाही? मी तापलो. "मॅडम, आरती ओवाळा नायतर मारुतीला फेऱ्या घाला, आमच्याकडं उलटं कुणी फिरत नाय!"

पोरांनी बाकं बडवली. मला वाटलं, दाद.

बाई उठून फळ्याशी आल्या. डबल बाँडच्या उजव्या टोकाला एक, डाव्याला दोन, फांदी तिसरी. थ्री मिथिल. "चूक कुणाचीही होते," त्या म्हणाल्या, "पण स्वतःच सांगितलेल्या नियमाशी भांडण कशाला?"

घरी येऊन बायकोपुढं आग ओकली. ती महाळुंगे पडवळ गावची. लसूण सोलता सोलता ऐकत होती.

"लई शहाण्या समजतात! देवाधर्माची रीतच माहीत नाय त्यांना!"

"अहो, पण महादेवाच्या देवळात काय करता तुमी?"

"काय म्हणजे?"

"पाण्याची पन्हळ ओलांडत नाय आपण. तिथवर जाता आन् मागं फिरता. उलटेच येता की, दर सोमवारी."

संध्याकाळी फोन आला, जागा दुसऱ्याला दिली.

सोमवारी बसच्या आधी देवळात गेलो. पन्हळीपाशी थांबलो, उलटा फिरलो, आणि गाभाऱ्याकडं बघून असा भडकलो म्हणून सांगू! एवढी वर्षं माझ्याकडून हाच सराव करून घेतलास, आणि नेमकं फळ्यासमोर आठवण करून द्यायला तुला काय झालं होतं, राव?