शोभाची गाडी विकायच्या आधी

आम्ही तिघी कुठे एकत्र गेलो की किस्सा एकच घडतो, पण सांगणाऱ्या तीन. मंगल वाढवून सांगते, शोभा निम्मा गिळते, म्हणून खरा काय तो मी लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत झालीय. खरं लिहायला तेवढी पुरते.

मी गंगापूर रोडला मोटारसायकलवरून घरोघर दूध घालते. मंगलचा पोळीभाजीचा धंदा आहे, शोभा शिवणकाम करते. शोभाचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून त्याची मोटारसायकल पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. यंदा मी तिला मैदानावर चालवायला शिकवली, लायसन काढायला लावलं. पण तिचा मुलगा निलेश म्हणाला, "आई, तू काय चालवणार? मंगळवारी एक माणूस येतोय गाडी बघायला. देऊन टाकू."

शोभा मला म्हणाली, "एकदा घाट चढवून बघते. नाही जमलं तर देते."

शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आलेली. निम्म्या गिऱ्हाइकांनी "तीन दिवस दूध नको" सांगून बॅगा भरल्या होत्या. म्हटलं, आपणच काय पाप केलंय? उद्याच निघू, सापुताऱ्याला. मनात धाकधूक होती. मैदानात गोल फिरणं वेगळं आणि घाट वेगळा. पण तोंडावर दाखवली नाही.

नवरा म्हणाला, "घाटात पडाल."

"पडलो तर उठू. तुम्ही तेवढं दूध घाला."

* * *

मंगल माझ्यामागे, शोभा एकटी तिच्या गाडीवर. दूध हिंदकळू नये म्हणून मला स्पीड ब्रेकर आला की गाडी अलगद, पाळणा हलवावा तशी न्यायची सवय. त्या दिवशी किटल्या घरी होत्या, तरी तशीच चालवत होते. शेवटी मंगल वैतागली. "अगं, मी सांडणार नाहीये."

* * *

दिंडोरीत पाणी प्यायला थांबलो. एका घराचं फाटक दिसलं आणि रोज गिऱ्हाइकाच्या दारात जातो तसा माझा अंगठा आपसूक हॉर्नवर गेला, दोनदा. आतून एक म्हातारी पातेलं घेऊन बाहेर आली. "आज लय उशीर केला गं."

मंगल म्हणाली, "आजी, आज म्हशींना सुट्टी हाय."

म्हातारी म्हणाली, "मग तुम्ही कशाला आल्या?" आणि फाटक लावून घेतलं.

* * *

हतगडच्या अलीकडे ढाब्यावर जेवायला बसलो. मंगलने रोटी बोटांत धरून वाकवून बघितली. वाकली नाही.

"दादा, ही खायची की हिच्यावर बसायचं?"

ढाबेवालाही तिखट होता. "जमतंय तर तुम्हीच करा, मावशी."

मंगल उठली, पदर खोचला आणि आत गेली. आमच्या पोळ्या झाल्या, तरी बाई बाहेर येईना. शेजारच्या टेबलांनीही मागितल्या होत्या. तासाभराने मी आत जाऊन म्हटलं, "अगं, आपण फिरायला आलोय."

"मग? हे काय माझं स्वयंपाकघर आहे का?" म्हणाली, आणि पुढची लाटायला घेतली.

* * *

घाटाच्या पायथ्याशी पोरांचा ग्रुप उभा होता. जॅकेटं, गुडघ्याला पॅड, हेल्मेटवर कॅमेरे. एकाने साडीवरच्या शोभाला बघून विचारलं, "काकू, पुढे घाट आहे. जमेल का?"

शोभाचा चेहरा उतरला. मला ते बघवेना.

"तुझी आई कुठंय रे?"

"घरी."

"गाडी चालवते?"

"नाही."

"तिला कधी विचारलंस, जमेल का म्हणून?"

पोराने हेल्मेटची काच खाली ओढली.

* * *

तिसऱ्या वळणावर शोभाची गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मी वेग कमी करताच मंगल माझ्या गाडीवरून उतरून तिच्याकडे पळाली. मी ओरडले, "ब्रेक सोडू नकोस, पहिल्यात टाक." मागून ट्रक येत होता, मला थांबता येईना. वर जाऊन गाडी लावली आणि वळणाकडे बघत बसले. हिला घाटात घातली ती मीच, हे काही डोक्यातून जाईना.

बराच वेळ गेला. मग आवाज आला आणि शोभा आली. गाडीवर ताठ बसून. तिच्यामागून मंगल चालत, धापा टाकत, छातीशी भलामोठा दगड धरून.

"तो कशाला आणलास?"

"हिच्या चाकामागे लावला होता. पुढे परत लागला तर?"

शोभा गाडीवरून उतरली. पदराने टाकी पुसत राहिली.

"मग? द्यायची का गाडी?" मी विचारलं.

"मंगळवारी बघू."

* * *

मंगळवारी मी दूध घालायला गेले तेव्हा तो माणूस आलेला होता. रिक्षाने आला होता. गाडीभोवती फिरत सगळं निलेशला विचारत होता, शोभाकडे बघतही नव्हता.

"बाईमाणसाच्या घरी उभी राहिलेली गाडी. चालते तरी का?"

शोभाने किल्ली घेतली. "चला, एक चक्कर मारू. बसा मागे."

तो लाजला, निलेशकडे बघितलं, शेवटी बसला. दोघं गेले.

पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. निलेश गेटपर्यंत जाऊन येत होता. शेवटी त्याने त्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर.

"काका, कुठे आहात?"

"माझ्या घरी. देवळाली कॅम्पला."

"घरी? आणि आई?"

"त्यांनी वाटेत पत्ता विचारला, दारात आणून सोडलं. 'या मग' म्हणाल्या आणि गेल्या."