अर्धी घोंगडी

सन तीसच्या आगेमागे मी सोलापुरात स्वतःचं घर बांधलं. खांद्यावर घोंगड्या टाकून दारोदार फिरलेल्या माणसाचं घर, त्यामुळे पुढच्या खोलीची भिंत सजवायची बायकोला फार घाई. काचेच्या मण्यांचा पोपट तिने चौकटीत बसवून घेतला. लग्नातल्या शालूची जर काढून देवीच्या तसबिरीभोवती लावली. माझ्या पहिल्या दुकानाची गंजकी किल्लीसुद्धा लाल मखमलीवर शिवून काचेआड गेली. मग एक दिवस म्हणाली, "आता सासूबाईंची घोंगडी लावू."

मी भडकलो. "त्या घोंगडीचं नाव काढू नगंस!"

आई गेली तेव्हा मी माल घेऊन लांब गेलो होतो. परत आलो तोवर थोरल्या भावाने सगळं उरकलं होतं. पुढे सांगोल्याकडच्या आमच्या गावाहून एकाच्या हाती गाठोडं आलं, सोबत निरोप, 'आईच्या घोंगडीतली अर्धी तुझी.' आईने स्वतः कातलेल्या लोकरीची ती एकच घोंगडी. आम्ही दोघं तिच्याखाली वाढलो. ती फाडून वाटणी केली, या रागात मी गाठोडं न सोडताच ट्रंकेत टाकलं. पाच वर्षं भावाशी बोललो नाही. बायको मात्र दर उन्हाळ्यात त्यात कडुनिंबाचा पाला घालत राहिली.

शेवटी तीच ते गाठोडं घेऊन चौकटवाल्याकडे निघाली. भाव करायला मी मागोमाग गेलो. तिच्यावर सोडलं असतं तर त्याने लुटलं असतं.

चौकटवाल्याने घोंगडी पसरली, काठावरून बोट फिरवलं.

"काचेत कोंडू नगा शेट, कसर लागंल. काठीवर सोडा मोकळी."

"फाटकी कड तेवढी दुमडून घे."

"फाटकी कुटं हाय? उसवलीय की ही."

मी वाकून पाहिलं. आमच्याकडचा माग अरुंद. दोन पट्टे वेगळे विणायचे आणि मधोमध शिवायचे, तेव्हा एक घोंगडी होते. जन्मभर घोंगड्या विकलेल्या मला हे एका नजरेत कळलं असतं, पण नजर टाकली होती कुठे? भावाने एकेक टाका सोडवला होता. लोकरीचं एक सूत तुटलेलं नव्हतं. आणि माझ्या पट्ट्यावर ते ठिगळ होतं. लहानपणी शेकोटीला खेटून झोपून मी भोक पाडलं होतं, ते आईने माझ्याच सदऱ्याच्या तुकड्याने झाकलं होतं.

त्या दिवशी मी घासाघीस केली नाही असं बायको सांगते. खोटं आहे. केली. फक्त काठी दुप्पट लांब घेतली.

घरी अर्ध्या काठीवर पट्टा आला, अर्धी काठी रिकामी राहिली.

"अहो, एवढी लांब कशाला?"

"स्वस्तात मिळाली."

"व्हय, कळलं स्वस्त," ती म्हणाली आणि तिनेच गावी निरोप धाडला.

आठवड्याने भाऊ आला. मी आधी त्याचे हात पाहिले. रिकामे.

"दादा, तुझा पट्टा?"

"रोज पांघरतो की. भिंतीला कशाला टांगू? भिंतीला काय थंडी वाजती?" मग त्याने ठिगळावर तळवा ठेवला. "हे तुझं, म्हणून ही बाजू तुला धाडली. पोचलं तवा काय बोलला न्हाईस."

"आत्ता पोचलं," मी म्हणालो.

बायकोने चहा आणला, दादा तो बशीत ओतून फुंकत बसला.

काठी अजून अर्धी रिकामीच आहे. भावाने आपला पट्टा पांघरून पांघरून झिजवला. आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण या वाटणीत तोच हुशार निघाला, हा राग काही जात नाही. थंडी पडली की मीही माझा पट्टा काठीवरून उतरवतो. सकाळी बायको कुरकुरत पुन्हा टांगते.