गोठ्याच्या भिंतीवरची रेघ

"ठेकेदाराला नोटीस धाडू. ऐकलं नाही तर दुसरा माणूस लावून विहीर पुरी करा, जादा खर्च त्याच्याकडून मागू," असा सल्ला मी देऊन टाकला. गोदाअक्का काही उठल्या नाहीत.

जळगावला मी नुकताच वकिलीचा बोर्ड लावला होता. सावद्याच्या या बाईंनी नव्या विहिरीच्या भरवशावर केळी लावली होती. करार आठ परसाचा. परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की होते तेवढी उंची. ठेकेदार सखारामनं ओल दिसताच काम थांबवलं. आठ परस भरले म्हणे. विहिरीत घागरही बुडत नव्हती आणि केळीची पानं वाळू लागली होती.

"दुसरा रस्ता नुकसानभरपाईच्या दाव्याचा," मी म्हणालो. "पण त्याला वर्ष-दोन वर्षं लागतील. आणि विहीर खणच, असा हुकूम कोर्ट सहसा देत नाही."

"तारीख पडीन तेव्हा पडीन, वकीलभाऊ. माह्या केळीले पानी आज पाहिजे," अक्का म्हणाल्या. "पन दुसऱ्यानं खनलं, मंग पयल्यानं कुठलोक खनलं व्हतं, हे कोन सांगीन?"

मी खजील झालो. पुढं खणलं की आमचा पुरावाच नाहीसा होणार होता. परीक्षेत पहिल्या वर्गात आलेल्या मला हे सुचलं नव्हतं, अंगठा उठवणाऱ्या बाईला सुचलं.

मी रजिस्टर नोटीस धाडली: अमुक दिवशी पंचांसमोर मोजणी होईल, हजर राहा, नाहीतर तुमच्या गैरहजेरीत होईल.

सखाराम आला. ताडमाड उंच गडी. सोबत त्याचा एक बुटका मजूर.

"याच्या मापानं मोजा," तो म्हणाला. "परस म्हंजे मानूस. हा काय मानूस नाही?"

मी करार काढून चाळला. करारात परस कोणाचा, ते लिहिलंच नव्हतं.

अक्कांनी सगळ्यांना गोठ्यात नेलं. भिंतीवर उंच गेरूची रेघ होती. करार झाला त्याच दिवशी सखारामला हात वर करून उभं करून त्यांनी ती ओढली होती, आणि दोन्ही पंच तेव्हा तिथं हजर होते.

"राह्य उभा," अक्का म्हणाल्या.

तो उभा राहिला. बोटं रेघेच्या चांगली वीतभर खाली.

"कोपर सरळ कर, सखाराम."

पंच हसले. बुटका मजूरही हसला. कोपर सरळ झालं आणि बोटं रेघेला टेकली.

त्या मापानं दोराला आठ गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दोर विहिरीत सोडला. सात गाठी आत गेल्या. आठवी माझ्या हातात राहिली.

पंचनाम्यावर सखारामची सही घेतली. मग मी म्हणालो, "आता तूच खण. नाहीतर उद्या दुसरा खणेल आणि हा कागद कोर्टात जाईल."

त्यानं दोर माझ्या हातातून घेतला. "खनतो," म्हणाला.

आठवा परस पुरा व्हायच्या आतच झरा फुटला. चौथ्या दिवशी केळीत मोटेचं पाणी खेळलं. अक्का पाटात पाय सोडून बसल्या होत्या. त्या बाईचा मला फार अभिमान वाटला, स्वतःचा जरा कमी.

तेव्हापासून विहिरीच्या प्रत्येक करारात मी लिहितो: परस कोणाचा, आणि त्याची खूण कुठं. हे कलम कोणत्या पुस्तकात आहे, असं ज्युनियर विचारतात. मी त्यांना सावद्याच्या गोठ्याचा पत्ता देतो.