नानांचे हात मी बांधले

“आजोबा, कुठे आहात तुम्ही आत्ता?”

“माज्या शेतान.”

सकाळचा राउंड. पनवेलजवळचं नवं हॉस्पिटल, अतिदक्षता विभाग. डॉक्टर हसले. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, “शेतात एसी कधी बसवलात, आजोबा?” मग सगळेच हसले. मीही.

नाना चिडले. सलाईनचा हात उचलून खिडकीकडे दाखवू लागले. “त्यो उंबर बगा. माज्या बांधावरचा हाय.” नळी ताणली गेली.

“भ्रम झालाय. हात बांधा,” डॉक्टर म्हणाले.

भ्रम नव्हता. हॉस्पिटल नानांच्याच शेतावर उभं होतं. जमीन सरकारने घेतली, पुढे तिथे ही इमारत आली. मी इथली नर्स, पण मूळची नानांच्याच कोन गावची, त्यांच्या शेजारच्या घरातली. लहानपणी लावणीच्या दिवसांत त्याच उंबराखाली त्यांच्या बायकोच्या हातची तांदळाची भाकरी खाल्लेली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून ‘नाय’ गेलं, तेव्हा याच सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “हे हॉस्पिटल आहे, मासळीबाजार नाही.” त्या दिवसापासून मी गाव लपवलं. कामोठ्याची आहे, असं सांगायचे.

मी पट्टी घेतली. मनगट कठड्याला बांधताना नाना हळूच म्हणाले, “तू तं आपली पोर. सांग ना गो यांना.”

“ओळखतेस यांना?” सिस्टरनी विचारलं.

“नाही.”

नानांनी डोळे मिटून घेतले. पाणी हवं का, दुखतं का, कशालाच उत्तर नाही. मी कागदावर लिहिलं: शांत आहेत, सहकार्य करतात. हो, असंच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. नाना माझ्याकडे बघत राहिले. मग एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, “हॉस्पिटलमध्ये.”

“व्हेरी गुड! सोडा हात.”

हात सुटावेत म्हणून त्या माणसाने आपलं शेत दुसऱ्यांदा सोडलं. पहिल्यांदा सरकारने सोडायला लावलं होतं. या वेळी मी.

“परवाही ते शुद्धीवरच होते,” मी म्हणाले. “यो शेत त्यांचाच हाय. आमी एका गावचे.”

“हाय?” सिस्टरनी भुवई उचलली.

“हाय. परवा मी खोटं बोलले. तसं लिहा.”

कोणी हसलं नाही. नानांनी तोंड भिंतीकडे केलं. घरी जाईपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. पुढे जगले तेवढ्या वर्षांत मला कधी हाक मारली नाही. बरोबरच केलं त्यांनी.

आज इनचार्ज मी आहे. ‘पेशंट भ्रमात’ असं लिहायच्या आधी माझ्या विभागात घरच्या माणसाला बोलावून विचारायचं, हे म्हणतात ते खरं आहे का. नव्या पोरी वैतागतात. डॉक्टर घड्याळ बघतात. बघू देत. उत्तर येईपर्यंत तो हात मी स्वतः धरून उभी राहीन. बांधू देणार नाही.