कुंकवाबरोबरची चिठ्ठी

“हिरा, तू गं कशाला आलीस? सवाशिणींचा कार्यक्रम हाय.”

वहिनीसाहेब हे माइकवर बोलल्या नाहीत, एवढेच उपकार. पण पुढच्या तीन रांगांनी ऐकलं. हिरा म्हणजे माझी आई. वहिनीसाहेब म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराची बायको. त्यांच्या उसात आई खुरपायची.

शाळेच्या पटांगणात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या वर्षी सोबत बारामतीहून व्हॅन आली होती. बायकांची कॅन्सरची तपासणी, फुकट. आशाताई घरोघर सांगून गेल्या होत्या, “गाठ असंल, अंगावरनं जात असंल, तर लाजू नका. या.” आईच्या उजव्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ होती. तिने ती फक्त मला दाखवली होती. मोरीत, पदर दातात धरून. मी तेव्हा बारावीला होते.

व्हॅनसाठी चिठ्ठी लागते असं हळदीकुंकवाच्या बायकांनी सांगितलं होतं. चिठ्ठी वाणाच्या डब्यात. आधी कुंकू, मग तिळगूळ, मग प्लास्टिकचा डबा, डब्यात गुलाबी चिठ्ठी. कुणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, पण खटकलं कुणालाच नाही. नवरा असेल तर कुंकू, कुंकू असेल तर चिठ्ठी, चिठ्ठी असेल तर तपासणी. माझा बाप मी सातवीत असताना मोटारीचा शॉक लागून गेला होता. वहिनीसाहेबांच्याच विहिरीवर.

आणि आमच्या दलित वस्तीतल्या ज्यांचे नवरे जिवंत होते, त्या? त्यांना मागे वेगळी ताडपत्री. ताट त्यांच्यापर्यंत आलं तेव्हा कुंकू होतं, डबेही होते. चिठ्ठ्या संपल्या होत्या.

आई खालच्या आवाजात म्हणाली, “मला डबा नगं, वहिनीसाहेब. नुसती चिठ्ठी द्या.”

रांगेतून कुणीतरी बोललं, “आता कुणासाठी तपासून घेतीस गं, हिरा?”

बायका हसल्या. पदर तोंडाला लावून, पोटभर हसल्या. ताडपत्रीवरच्या आमच्या दोघी-तिघीही हसल्या. तेही लिहिलं पाहिजे.

“आलीच हायस तर ताटं घे घासायला,” वहिनीसाहेब म्हणाल्या. रागाने नाही. सवयीने.

आई नळावर बसली. ताटं घासली. उजव्या हाताने. दहा पावलांवर पांढरी व्हॅन उभी होती. मी काय केलं? मी ताटं विसळली.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाठ लिंबाएवढी झाली. कातडी ओढली गेली. मग आम्ही एसटीने बारामतीला मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर चिडले. “इतके दिवस काय करत होता? तुमच्या गावात तर व्हॅन येऊन गेली!”

आई म्हणाली, “आली व्हती. मी ताटं घासत व्हते.”

डॉक्टरांना वाटलं बाई अडाणी आहे, भलतंच बोलते. त्यांनी कागदावर लिहिलं, उशिरा आल्या. कागदावर एवढंच राहिलं. कुणी उशीर केला, ते लिहायला कागदावर जागा नसते.

आई दोन वर्षं झुंजली. गेली.

तोवर मी बारामतीच्या कॉलेजात चळवळीची पत्रकं वाटायला शिकले होते. आई जाऊन सहा महिने झाले नव्हते, आणि वहिनीसाहेबांचा निरोप आला. “तुझं अक्षर चांगलं हाय. व्हॅन येणार हाय, रजिस्टर लिहायला ये.” मी गेले. टेबलावर तोच गुलाबी गठ्ठा. मी गठ्ठा घेऊन व्हॅनजवळ गेले आणि नर्सला विचारलं, “सिस्टर, चिठ्ठ्या किती आणल्यात तुम्ही?”

“कसल्या चिठ्ठ्या? त्या तुमच्या गावाच्या. आम्हाला काय, बाई आली की तपासायची.”

चिठ्ठी लागतच नव्हती! आई नळावरून उठून दहा पावलं चालली असती तरी तपासणी झाली असती. दहा पावलं. ती तिला कुणी चालू दिली नाहीत, आणि मी तिचा हात धरून चालवली नाहीत.

लोक म्हणतात कॅन्सर जात बघत नाही. नसेल बघत. रांग बघते.

मी मंडपात जाऊन माइक घेतला. “चिठ्ठी लागत न्हाय. ज्यांना कुंकू लावत न्हाईत, त्यांनी आधी व्हॅनकडं या. ताडपत्रीवरच्यांनी पण या.”

वहिनीसाहेब उठून जवळ आल्या. “हिराची पोर ना तू? तुझ्या आईनं कधी मान वर केली न्हाय माझ्यापुढं.”

“म्हणूनच मेली, वहिनी.”

साहेब म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आता बायका उठतील असं मला वाटलं होतं. कुणी उठलं नाही. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, तीही विधवा, तेवढी अर्धी उठली. वहिनींनी नुसतं वळून बघितलं. मावशी खाली बसली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच उसात खुरपणी होती. तीन वाजता व्हॅनचं दार लागलं.

मावशीवर माझा राग नाही. तिच्या चुलीचा प्रश्न आहे. पण मी गप्पही बसणार नाही.

यंदा वस्तीतल्या तिशीपुढच्या बायकांची नावं मी घरोघर जाऊन लिहून घेतली आहेत. विधवा आणि टाकलेल्या बायका सगळ्यात वर. व्हॅन मंडपाजवळ नको, वस्तीत उभी करा, असा अर्ज दिला आहे. उत्तर नाही. नसू दे. संक्रांतीला व्हॅन जिथं उभी राहील तिथं मी सकाळपासून असेन. वहीतलं पहिलं नाव मावशीचं आहे. तिला हाताला धरून दहा पावलं मी चालवणार. तिच्यासाठी दार उघडलं नाही, तर त्या दिवशी गावात कुणासाठीच उघडणार नाही. मी दारातच बसणार आहे.