पाना, पक्कड आणि जागेवर नसलेली सायकल

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. चंदगड तालुक्यातल्या खेड्यातून एसटीनं शाळेला गेलो, आता कोल्हापुरात शिक्षक आहे. याचं श्रेय आईवडिलांच्या कष्टांना. सुट्टीत सायकल काढून नदीकाठानं हिंडायचं, एवढा एकच शौक मी स्वतःसाठी ठेवला आहे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत कागलहून निघालो. दूधगंगेच्या काठानं खाली जाऊन पुढं रस्त्यानं नृसिंहवाडी गाठायची होती. दुपारी नदी ओलांडायच्या एका उतारावर नाव दिसली आणि पलीकडच्या काठानं थोडं चालावं असं वाटलं.

"सायकल ऱ्हाऊ द्या हितंच," नावाडी म्हणाला. "नाव गळतीया. त्या बाभळीला लावा, मी हाय की."

सायकल बाभळीला लावली. दुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी कुणी नेईल म्हणून मात्र खांद्याला अडकवली. मला पलीकडं सोडून तो परत गेला.

पाणंदीनं थोडं चाललो. काठावर शेतीच्या मोटरी ओळीनं बसवल्या होत्या. एकीची केबल कापलेली दिसली. वाकून बघायला गेलो आणि पाठीत लाथ बसली.

उठायच्या आत चौघांनी घेरलं. एकाच्या हातात काळ्या पाइपचा तुकडा होता. मोटर त्याचीच.

"तिसऱ्यांदा कापलीस रं! ऊस वाळला माझा!"

पाइप खांद्यावर बसला, मग मांडीवर. दुसऱ्यानं पिशवी उलटी केली. पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर मातीत पडले.

"सायकलीची हत्यारं आहेत," मी ओरडलो.

"मग सायकल कुठाय? का पायालाच नट बसवलेत तुझ्या?"

बाकीचे हसले. मी शिक्षक असल्याचं सांगितलं.

"मास्तर व्हय? म्हण मग एकोणतिसाचा पाढा."

मी म्हणू लागलो. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. पुढचा आकडा तोंडात असतानाच त्या तोंडावर ठोसा बसला. पाढा चुकला नव्हता. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं.

"पलीकडं बाभळीला सायकल आहे. नावाड्याला विचारा."

मोटरवाल्यानं माझे हात दाव्यानं पाठीमागं बांधले. "चल. सायकल असंल तर सुटलास. नसंल तर तुला नदीतच सोडतो."

गुऱ्हाळातली मोठी लोखंडी काहील ते वैरण आणायला नावेसारखी वापरत. तिच्यात मला गुडघ्यावर बसवलं. मोटरवाला आणि आणखी एक जण वल्हवत होते. काहील गरगर फिरे आणि प्रत्येक फेऱ्याला बाभळ दिसून परत दिसेनाशी होई.

मला आमची केबल आठवली. मी कॉलेजात असताना ती चोरीला गेली होती. वडिलांनी आणि भावकीनं उसात एकाला धरून फोडला होता. वडिलांच्या सदऱ्यावर त्याचं रक्त होतं. तो सदरा मी धुतला होता, अभिमानानं.

काहील काठाला लागली. नाव बांधलेली होती. नावाडी नव्हता. बाभळीखाली सायकलही नव्हती.

"बघ की! कुठाय?"

मोटरवाल्यानं मला केसांना धरून पाण्यात दाबलं. नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. बांधलेल्या हातांनी काहीच धरता येईना. वर काढलं, "कुठं इकतोस केबल?" म्हणून विचारलं आणि मी श्वास घेण्याआधीच परत दाबलं. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा घंटी ऐकू आली.

नावाडी माझ्या सायकलीवरून येत होता. हँडलला भाकरीचं गठुळं लोंबत होतं.

"मास्तर, जेवान आणाय गेलतो हो! ब्रेक लई कच्चं हाय तुमच्या..." त्याचं वाक्य तिथंच थांबलं. मग तो धावत पाण्यात शिरला. "आरं मुडद्यांनो! मीच सोडलंय की त्यास्नी पल्याड!"

मोटरवाल्याचा हात केसांतून सुटला. त्यानं दावं सोडलं. "चुकलं, पावणं," तो म्हणाला. "च्या घेऊन जावा." मी चहा घेतला नाही. सायकल हातात धरून चालत रस्त्याला लागलो. पेडल मारायला मांडी उचलत नव्हती.

दोन दिवसांनी गावी गेलो. माझं तोंड बघताच वडिलांनी दाराआडची काठी काढली. "गावाचं नाव सांग."

मी सांगितलं नाही. विचारलं, "तुम्ही उसात धरलेला माणूस काय सांगत होता?"

वडिलांना आठवायला वेळ लागला नाही. "म्हस सुटलीया, हुडकतोय म्हणत होता. हातात दावं होतं."

"म्हैस होती?"

त्यांनी काठी परत दाराआड ठेवली.

"बघाय कोण गेलंच न्हाई," ते म्हणाले.