थांबलेल्या होडीचे चित्र

सुमेधा गेल्याचे कळले तेव्हा मी सकाळची संध्या आटोपून ताम्हणातले पाणी तुळशीला घालत होतो. धाकट्या बहिणीचा, म्हणजे सुमेधाच्या आईचा, फोन आला. ती नुसती रडत राहिली... आजाराने थकलेली माझी भाची अखेर विसावली होती. त्यालाही आता काही आठवडे लोटले. पण डोळे मिटले की राहुरीजवळच्या मुळा धरणाचे धुकट पाणी दिसते आणि वरून जाणाऱ्या विमानाची घरघर स्वप्नातल्यासारखी ऐकू येते.

विमानात बसवलेल्या रडारने पाण्याची हालचाल मोजणे हे तिचे जीवितकार्य. "मामा, रडार एकाच पाण्याकडे लागोपाठ दोनदा पाहतं. त्या निमिषात पाणी किती सरकलं ते कळतं," असे ती सांगे. 'निमिष' हा शब्द तिने माझ्याकडूनच उचललेला. होडीमागे उठणाऱ्या लाटांवर ही मोजणी खरी उतरते का, हे तिला धरणावर पडताळायचे होते. विमान त्या एका सकाळपुरतेच मिळाले होते. पडताळा फसला असता, तर तिचे सारे काम अधांतरी राहिले असते.

होडी किसनची. ती सरळ, एका गतीने जावी, एवढे पाहण्यासाठी, स्वतः विमानात जाताना, सुमेधाने मला तीत बसवले होते. पहिली फेरी निर्विघ्न झाली. दुसरी फेरी थोड्या वेगळ्या मार्गाने होती; विमान माथ्यावर आले आणि किसनने इंजिन बंद करून हात जोडले. त्याचे जुने गाव धरणात बुडालेले. गावचे देऊळ नेमके त्या जागी, खाली.

"अरे, थांबलास का?"

"देवाच्या डोईवरनं इंजिन चालवत न्हाई आमी, गुरुजी. इमानाला म्हनावं, जरा दम धर."

मग माझेही हात आपोआप जुळले... विमान निघून गेले.

विमानातून उतरताच तिचा फोन आला. "मामा, लक्ष ठेवायला बसवलं, आणि तुम्हीच हात जोडून बसलात ना!" स्वर थट्टेचा होता, पण त्यातला कंप लपला नाही.

पुढे ती दोन करडी चित्रे घेऊन घरी आली, ती हसतच. पहिल्या फेरीच्या चित्रात होडीमागच्या लाटांची वाट एकीकडे आणि होडी भलतीकडे, बाजूला सुटलेली. दुसऱ्यात थांबलेली होडी आपल्या विरत चाललेल्या वाटेच्या अगदी टोकाशी.

"चालती वस्तू रडारला तिच्या जागी दिसत नाही, मामा. थांबलेली मात्र नेमकी जागेवर दिसली. म्हणजे पहिल्यातलं अंतर होडीच्या वेगाचंच, यंत्राची चूक नव्हे. मोजणी खरी ठरली! किसनच्या देवानं तारलं बघा."

ते दुसरे चित्र माझ्या आसनासमोरच्या भिंतीवर आहे. परवा किसन भेटायला आला. बराच वेळ चित्राकडे पाहत उभा राहिला.

"ही माझी होडी. हिच्यात तुमी, मी. आन् ताई कुठं हायेत यात?"

"हे सारे जिथून दिसते आहे ना, किसन... तिथे."

इंजिन बंद केल्यावर जोडतो, तसे त्याने हात जोडले.